ऊस आणि जांभळे बॅक्टेरिया यांचं नातं आहे

आमच्या पलूसकडच्या ऊसवाल्यांच्या ग्रुपवर चार दिवस एकच फॉरवर्ड फिरतोय. त्यात तीन गोष्टी आहेत, बॅक्टेरिया उन्हावर जगतात ही थाप, जगले तरी ऑक्सिजन सोडत नाहीत म्हणजे पिकाशी त्यांचं काहीच नातं नाही, आणि ॲट्राझिन हे तणनाशक हरितद्रव्य जाळतं. तिन्ही चूक आहेत.

पहिली तर सरळच खोटी. उन्हावर जगणाऱ्या एका जांभळ्या बॅक्टेरियाच्या रिॲक्शन सेंटरची, म्हणजे उजेडानं इलेक्ट्रॉन जिथनं सुटतो त्या प्रोटीनची, अख्खी रचना मिशेल, डायझेनहोफर आणि ह्युबरनी काढली म्हणून तर १९८८ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं. आणि कृषी केंद्रात मिळतं ते पीएसबी यात आणू नका, ते स्फुरद विरघळवणारे जिवाणू, त्यांना ऊन लागत नाही.

ऑक्सिजनचं म्हणाल तर हे बॅक्टेरिया तो सोडत नाहीत हे खरंय, कारण पाणी फोडणारा मँगनीज-कॅल्शियमचा गठ्ठा त्यांच्याकडं नाही, तो उसाच्या फोटोसिस्टिम दोनमध्ये, म्हणजे पानातल्या उजेड पकडणाऱ्या यंत्रणेत आहे. पण गठ्ठा बाजूला ठेवून बाकीचं बघा की! दोन्हीकडं दोन जुळी प्रोटीनं शेजारी शेजारी, प्रत्येकाची पाच वेटोळी पडद्यातनं आरपार, मधे क्लोरोफिलची जोडी, मग मॅग्नेशियम नसलेलं क्लोरोफिल, मग दोन क्विनोन, म्हणजे इलेक्ट्रॉन पुढं नेणारे रेणू, आणि त्यांच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की वाटा दोन असून इलेक्ट्रॉन एकाच वाटेनं जातो, आणि उसात नि बॅक्टेरियात ती वाट एकच! प्रोटीनमधली अक्षरं, म्हणजे अमिनो आम्लं, बरीच बदललीत, घडण तीच राहिली, याला योगायोग कसं म्हणायचं?

आता ॲट्राझिन. ते हरितद्रव्याला हात लावत नाही, त्या जुळ्यांपैकी डी-१ नावाच्या प्रोटीनमधल्या दुसऱ्या क्विनोनच्या खोबणीत जाऊन बसतं, इलेक्ट्रॉन पुढं सरकत नाही आणि तण वाळतं, ऊस मात्र ते औषध आतल्या आत निकामी करतो म्हणून वाचतो. त्याच ट्रायझीन गटातलं टर्बुट्रिन बॅक्टेरियाच्या त्याच खोबणीत बसलेलं क्रिस्टलमध्ये दिसलंय. काही तणांत डी-१ प्रोटीनच्या २६४ व्या जागेवर सेरीन हे अमिनो आम्ल जाऊन ग्लायसीन आलंय, तिथं ॲट्राझिन धरतच नाही, डोस वाढवला तरी पैसे वायाच.

फॉरवर्ड टाकणाऱ्या दादांनी निदान ते तणनाशकाचं वाक्य तरी आज काढावं, आडसाली लागणी चालू आहेत आणि लोक ग्रुपवरचं वाचूनच दुकानात औषध मागतात.