जलकुंभी पाणी शुद्ध करते म्हणे! (एका प्रतिक्रियेला उत्तर)

इंदूरच्या सिरपूर तलावातल्या वनस्पतींवरच्या माझ्या लेखाखाली 'मालवी भिया' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी तोडमोड केली असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती अख्खी देते (त्यातली जलकुंभी म्हणजे महाराष्ट्रातले वाचक म्हणतात ती जलपर्णी, आणि पटेरा म्हणजे पाणकणीस):

"ताई, घरात बसून तलाव साफ करणं सोपं असतं. जलकुंभी पाणी शुद्ध करते हे शाळेतली पोरंही जाणतात, तुम्ही ती उपटायला सांगताय. तिच्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं काय? पटेराही कापा म्हणता. खरा दोष तलावात येणाऱ्या सांडपाण्याचा आहे, त्यावर एक ओळ नाही. आणि कमळ म्हणून जो फोटो टाकलाय ते कुमुद आहे. अभ्यास वाढवा."

शेवटचे दोन शब्द नसते तर चार ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते.

फोटोचं आधी. ते कुमुदच आहे, चूक माझी. कमळाच्या पानाचा देठ पानाच्या मधोमध खालून जुळतो, पान सगळीकडून सलग गोल असतं आणि वाढलं की पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरलेलं राहतं. फोटोत चीर स्पष्ट दिसते. फोटो निवडताना डोळे कुठे होते माझे, देव जाणे. पण फोटोखालची एक ओळ चुकली म्हणून सगळा लेख घरात बसून लिहिलेला ठरत नाही. सिरपूरच्या पाळीवर मी बावीस हिवाळे पक्षी मोजलेत, आणि तेही स्वतःच्या नावाने. टोपणनावामागून 'ताई' म्हणायचं आणि त्याच वाक्यात टोमणा मारायचा, ही रीत आमच्याकडे नाही.

आता 'पाणी शुद्ध करते'. भिया, हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं असं: काढली तर.

जलकुंभीचं एक रोप दाताळ्याने ओढून उताणं करून बघा. खाली पिसासारख्या काळपट जांभळ्या मुळांचा झुपका लोंबतो आणि त्यात गाळ अडकलेला असतो. ही मुळं पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस भराभर ओढतात, शिसं-कॅडमियमसारखे जड धातूही ओढतात. एवढ्यापुरतं शाळेतल्या पोरांचं बरोबर आहे. पण ओढलेलं जातं कुठे? त्याच रोपात बसतं. आणि रोपाची जुनी पानं सारखी मरत असतात, तळाशी जाऊन कुजतात आणि घेतलेलं सगळं तिथल्या तिथे परत करतात. मैलापाणी शुद्ध करायच्या कुंडांत ही वनस्पती वापरतात तेव्हा ठरावीक दिवसांनी तिचा काही भाग उचलून बाहेर नेतात. शुद्धीकरण होतं ते त्या उचलण्यामुळे.

हिशोबच मांडते. ओल्या जलकुंभीत सुमारे 95 टक्के पाणी असतं. म्हणजे 100 किलो काढली की हाती 5 किलोच्या आसपास कोरडा माल, त्यात दोनेक टक्के धरला तर नायट्रोजन साधारण 100 ग्रॅम. एका माणसाच्या मलमूत्रातून रोज जवळजवळ 10 ग्रॅम नायट्रोजन जातो. म्हणजे 100 किलोचा भारा वाहून नेलात की एका माणसाचे दहा दिवस फिटले. आणि नेलाच नाही तर शून्य. उलट उणेच, कारण कुजण्यात पाण्यातला प्राणवायू खर्च होतो.

त्यात सिरपूर आहे उथळ. 2022 साली रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेला हा तलाव भर पावसाळ्यातही जास्तीत जास्त दोनेक मीटर खोल. अशा पाण्यावर दाट थर बसला की उजेड खाली पोचत नाही, हायड्रिलासारख्या बुडलेल्या वनस्पती मरतात, आणि पाण्यात प्राणवायू सोडणाऱ्या त्याच. वरून हवाही मिसळत नाही. रोहू-कतल्याला लिटरमागे 4-5 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, दाट थराखाली तो 2 च्या खाली जाऊ शकतो. मग मागूर आणि मरळ तेवढे तगतात, कारण ते वर येऊन हवा घेतात. टिबुकलीला आणि पाणकावळ्याला बुडी मारायला मोकळं पाणी उरत नाही. मॅन्सोनिया डासाच्या अळ्या मात्र खूश, त्या श्वासनळी मुळांतच खुपसून खालच्या खाली श्वास घेतात. याला शुद्ध पाणी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

'उपटा' म्हणजे मी काय म्हणाले होते, तेही नीट वाचलेलं दिसत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून असतो, थर पूर्वेच्या काठाला येऊन लागतो. तेव्हा त्याच्या मोकळ्या बाजूने जाड दोराला बांबू बांधून तरंगतं कुंपण घालायचं आणि ते हळूहळू काठाकडे ओढायचं. उचलायचं लांब दांड्याच्या दाताळ्याने, हाताने नाही. मुळांत दिवड बसलेली असते, कधी विषारी सापही. यंत्राने जागच्या जागी कुट्टी करायची तर मुळीच नाही. दोन रोपांना जोडणारा आडवा धुमारा तुटून त्याचा कोंब असलेला तुकडा पाण्यात राहिला की त्याचं नवं रोप होतं. उबदार, सकस पाण्यात दोन आठवड्यांत हा पसारा दुप्पट होऊ शकतो. काढलेला ढीग काठाच्या उतारावर ठेवला तर पहिल्याच पावसात रस आणि रोपं दोन्ही परत तलावात. काठापासून निदान पंधरा मीटर दूर नेऊन पातळ पसरून वाळवा; मेच्या उन्हात आठ-दहा दिवसांत ढिगाचा चोथा होतो. खत करायचं तर शेण मिसळून करा, पण धातूंमुळे ते भाजीपाल्याला नको, झाडांना घाला. एवढं करूनही काम संपत नाही. बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं आणि पाणी ओसरलेल्या ओल्या काठावर रुजतं. म्हणून पाऊस लागेपर्यंत दर दहा-बारा दिवसांनी फेरी मारून बोटभर रोपं वेचायची. लोक इथेच कंटाळतात, आणि पुढच्या दिवाळीला तलाव पुन्हा हिरवागार.

तणनाशकाची फवारणी सुचवणाऱ्यांनाही सांगून ठेवते: मेलेला थर सगळा एकदम बुडतो आणि मासे एका रात्रीत उलटे होतात. जलकुंभी खाणारे निओचेटिना भुंगेरे सोडायचा मार्ग चांगला आहे. त्यांच्या अळ्या देठ पोखरतात. पण त्याला काही वर्षं लागतात, आणि तोवर सगळी जलकुंभी उपसलीत तर भुंगेरेही ट्रॉलीत बसून गेले.

पक्ष्यांचं. कमळपक्षी जलकुंभीवर अंडी घालतो, हे मला शिकवायची गरज नव्हती. तो कुमुदावर आणि सिंघाड्याच्या वेलावरही घालतो, आणि ते सगळं पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. जांभळी पाणकोंबडी, अडई यांचाही मोसम तोच. थापट्या वगैरे पाहुणी बदकं मार्च संपता संपता निघून जातात. म्हणून माझ्या लेखात एप्रिल-मे लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. त्याआधी नको, त्यानंतर नको. तरीही अंडी दिसलीच तर भोवतीच्या पाच-सात मीटर पट्ट्याला हात लावायचा नाही.

पटेरा 'कापा' एवढंच उचललंत, 'तिसरा हिस्सा उभा ठेवून' हे सोडलंत. पटेऱ्याच्या मुळांना हवा पानांतून आणि वाळक्या देठांतून जाते. पाण्याखाली वीतभर कापला तर कापलेल्या तोंडातून पाणी शिरतं आणि मूळ गुदमरतं. पाण्यावर कापला तर फक्त केस कापल्यासारखं होतं, महिन्यात पुन्हा तेवढाच.

राहिलं सांडपाणी. त्यावर एक ओळ नव्हती, कारण लेख वनस्पतींवर होता. नाल्यांवर तुम्ही लिहा की, अभ्यास आहेच तुमचा. मी वाचेन, आणि प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने देईन.

फोटोखालची ओळ आज बदलली आहे.