माइकशिवाय

गेल्या महिन्यात मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात एका सोप्रानोचं गाणं ऐकलं. सोप्रानो म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणारी बाई. ही ऑपेरात गाणारी, पण त्या संध्याकाळी ऑपेरा नव्हता. पोशाख नाही, देखावे नाहीत, वाद्यवृंद नाही. एक पियानो, तो वाजवणारे एक गृहस्थ आणि ती. माइकही नाही.

गाणी जर्मन होती, आणि जर्मन मला येत नाही. हातातल्या कागदावर अर्थ होता, तो आधीच वाचून ठेवला आणि मग कागदाकडे पाहिलंच नाही.

एक गाणं डोक्यातून जातच नाहीये. शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराचं, 1814 मधलं. तेव्हा तो अवघा 17 वर्षांचा होता. शब्द जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातले. ग्रेटशेन नावाची मुलगी पायाने चालणाऱ्या चरख्यावर सूत काततेय आणि मनातल्या माणसाची आठवण काढतेय. पियानोवर उजव्या हातात चाक सारखं गरगरत राहतं, डाव्या हातात पायाचा ठेका. आठवण चढत जाते, त्याचा हात, त्याचं बोलणं, आणि त्याच्या चुंबनापाशी आली की चाक थांबतं. पियानो गप्प. मग दोनदा अडखळून चाक पुन्हा हळूहळू फिरू लागतं.

तिथे मला आजी दिसली. यावलकडच्या आमच्या गावात ती पहाटे घरोटावर बसायची. जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात. मी शेजारी गोधडीत. ओवीत माहेर आलं, गेलेला भाऊ आला की तिचा हात खुंट्यावर थांबायचा. घरघर बंद. मग नाक ओढून मूठभर ज्वारी घालायची आणि दगड पुन्हा फिरायचा. आपल्या बहिणाबाईंची गाणीही याच घरघरीत जन्मली. त्यांना लिहिता येत नव्हतं, पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, 1952 साली. शूबर्टला ते थांबणं कसं कळलं असेल, याचा मी परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत विचार करत होते.

अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचू शकणारा त्या सोप्रानोचा गळा. पण शेवटच्या ओळींना तिने आवाज इतका बारीक केला की पुढे वाकून ऐकावं लागलं. सगळं सभागृह वाकलं होतं. खोकलासुद्धा लोकांनी गाणं संपेपर्यंत धरून ठेवला. स्पीकर असता तर कुणी कशाला वाकलं असतं?

हेच मला आपल्या जळगाव-धुळ्याच्या रसिकांना कळकळीने सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका मैफलीत गायिका मंद्रात, खालच्या सुरांत, फार सुंदर काही सांगत होती आणि साउंडवाल्याने इको इतका वाढवला होता की शब्द एकमेकांत कालवले गेले. तिने दोनदा हात करून आवाज कमी करायला सांगितलं, तरी नाही. समोरच्या स्पीकरमुळे माझे कान रात्रभर दुखत होते. पन्नास-साठ माणसांच्या बैठकीला एवढे डबे लागतातच कशाला? आपली बैठक मुळात माइकशिवायचीच. तंबोरा आणि गळा यांच्यामधली ती शांतता आपण स्वतःहून घालवली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोजागिरीला आमच्या गच्चीवर बसायचं ठरवलंय. माइक नाही. शेजारच्या मावशी अहिराणी ओव्या म्हणायला तयार झाल्यात. त्यांची एकच अट आहे, घरोट पाहिजे, त्याशिवाय गळा लागत नाही म्हणाल्या. आजीचं घरोट गावी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. या रविवारी ते आणायला जातेय.