राणीछाप रुपयाचे दहा लाख: एका निरोपाचा प्रतिवाद

सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक निरोप फिरत आहे. घरात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची छबी असलेला, चांदीचा रुपया असल्यास त्याचे दहा लाख मिळतात, नाणे जितके जुने तितकी किंमत अधिक, म्हणून ते घासून चकचकीत करावे, छायाचित्र पाठवावे आणि नोंदणीशुल्क भरावे, असे त्यात म्हटले आहे. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

जुनेपणावर किंमत ठरत नाही. राणीच्या १८६२ सालच्या रुपयावर तेच साल कायम ठेवून टांकसाळींनी १८७४ पर्यंत रुपये पाडले, त्यामुळे तो आजही सहज मिळतो. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्याहून ७७ वर्षांनी अलीकडचा असूनही दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही बाजारात आल्या आहेत.

आता दहा लाखांचे. किमतीचा हिशेब धातूपासून सुरू करावा. १९३९ पर्यंतच्या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक जुना तोळा, आणि चांदी ९१.७ टच, म्हणजे ९१.७ टक्के; शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. हिशेबाच्या सोयीसाठी चांदीचा भाव किलोला एक लाख धरला, तर धातूची किंमत १,०७० रुपयांच्या आसपास येते. १९४० पासून सरकारने चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले, त्यामुळे १९४० ते १९४५ च्या रुपयाचे त्याच भावाने ५८३ रुपयेच होतात. विटा-आटपाडीच्या गलाई व्यावसायिकांना, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांना, हा फरक सांगावा लागत नाही, पण घरच्या मंडळींना दोन्ही रुपये सारखेच चांदीचे वाटतात. नाणे झिजलेले असेल तर वजनही घटते, म्हणून आधी काटा, मग साल, टांकसाळीची खूण आणि नाण्याची स्थिती, या क्रमाने पाहावे. सर्रास आढळणाऱ्या सालाच्या झिजलेल्या रुपयाला चांदीच्या भावाहून फारसे अधिक मिळत नाही.

घासण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. साताऱ्यातल्या एका परिचितांनी लक्ष्मीपूजनासाठी चिंच व राख लावून घासलेला १९०७ चा एडवर्डछाप रुपया मला दाखवला होता. भिंगाखाली राजाच्या गालावर बारीक ओरखडे दिसत होते आणि दाढीचे केस सपाट झाले होते. कित्येक दशकांत चढलेली काळसर झाक संग्राहकाला हवी असते. ती एकदा गेली की परत आणता येत नाही. हारात ओवण्यासाठी झाळून कडी जोडलेल्या नाण्याचेही असेच होते: चांदी तेवढीच राहते, संग्राहकाचा भाव जातो.

राहिले नोंदणीशुल्क. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की, जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती नाही, त्यासाठी ती शुल्क वा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते मागण्याचा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही.