डिपरच होता त्याचा!

आज रात्री समोरून आलेल्या एका गाडीच्या लाइटनं काही सेकंद रस्ताच दिसेना. डिपर मारला, म्हणजे दिव्यानं इशारा केला, तर त्यानं उत्तरादाखल क्षणभर अप्पर (लांबचा झोत) लावून परत डिपरवर (जवळच्या, खाली पडणाऱ्या झोतावर) आणला. म्हणजे काय, तर "बाबा रे, मी डिपरवरच आहे." आणि खरंच होता! तो एक क्षण सोडला तर पूर्ण वेळ डिपरवरच होता. तेच डोक्यातून जात नाहीये.

डिपर लावला की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्या तमाम मंडळींनो, तो डिपर पडतो कुठे हे कधी बघितलंय का? गाडी घेतल्यापासून एकदा तरी? हवा बघता, ऑइल बघता, काच पुसता. फोकस वर गेला की त्रास समोरच्याला होतो आणि आपल्याला उलट लांबचं दिसतं. मग कशाला बघेल कोणी!

डिपरच्या झोताला वरून एक रेघ असते, कट-ऑफ. तिच्या खाली उजेड, वर जवळपास अंधार. ही रेघ दिव्यापासून पुढे जाताना हळूहळू उतरायला हवी. बहुतेक कारना १ ते दीड टक्का उतार, म्हणजे १० मीटरवर १० ते १५ सेंटिमीटर. नेमका आकडा बऱ्याचदा हेडलाइटवरच किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर दिव्याच्या चिन्हाशेजारी छापलेला असतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल आणि उतार १ टक्का, तर रेघ ६५ मीटरवर जमिनीला टेकते. आता तोच दिवा फक्त १ अंश वर उचला. १ अंश म्हणजे पावणेदोन टक्के. उतार गेला, पाऊण टक्का चढ आला. त्याच ६५ मीटरवर रेघ आता जमिनीपासून सुमारे ११४ सेंटिमीटरवर, म्हणजे समोरच्या कारमधल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांत. एका अंशाचा हा प्रताप. आणि लोक दोष देतात बल्बच्या वॉटला!

त्या गाडीकडे परत येतो. शेजारून गेली तेव्हा दिसलं, मागून पार बसली होती. डिकी ठासून भरलेली असणार. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर धरा आणि मागची बाजू ५ सेंटिमीटर दबली असं समजा. झाला की २ टक्के फरक! १ टक्का खाली असलेला झोत १ टक्का वर गेला. झोत वर-खाली करणाऱ्या स्क्रूला कुणी हातही लावला नाही तरी.

आता फोकस बघायचा कसा, ते. सपाट जमीन आणि तिच्यासमोर उभी भिंत हवी. जमीन खरंच सपाट हवी, उतारावर केलेलं सगळं वाया. टायरमध्ये हवा नेमकी, टाकी निदान अर्धी, डिकीतलं जड सामान बाहेर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस किंवा तेवढं वजन. लेव्हलरचं चाक (आत बसून झोत खाली-वर करायचं छोटं चाक) असेल तर ते शून्यावर. गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसेल. मग गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा, दोन्ही डिपरच्या मध्यासमोर मास्किंग टेपच्या उभ्या पट्ट्या लावा आणि त्याच उंचीवर एक आडवी. गाडी सरळ मागे घ्या, ५ मीटर, टेपनं मोजून. पावलं टाकून नव्हे. १ टक्का उतार असेल तर ५ सेंटिमीटर खाली दुसरी आडवी पट्टी. दीड टक्का असेल तर साडेसात.

डिपर लावा, एक दिवा कापडानं झाका (जास्त वेळ नको, प्लास्टिकची काच तापते). दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवीकडे. कुठे स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो, कुठे ॲलन की, कुठे छोटा सॉकेट. आधी वर-खाली. रेघ खालच्या पट्टीवर आणा. मग आडवं. डावीकडून गाड्या चालतात तिथे रेघ उजव्या अंगाला सपाट असते आणि डावीकडे साधारण १५ अंशांनी चढते, तिथला कोपरा उभ्या पट्टीवर यायला हवा. एक स्क्रू फिरवला की काही दिव्यांत दुसरीकडेही थोडं सरकतं, म्हणून दोन्ही परत बघा. पाव-पाव फेरा, धीरानं. आतले गिअर प्लास्टिकचे असतात, ड्रिल लावलात तर दात जातात. शेवटचा फेरा आवळण्याच्या दिशेनं द्या, म्हणजे आतली ढिलाई राहत नाही.

स्क्रू फिरवून रेघच नीट दिसत नसेल, तर स्क्रूला छळू नका. बल्ब तिरका बसला असेल. एच-४ बल्बला (अप्पर-डिपर दोन्ही एकातच असलेला हॅलोजन) तीन कान असतात, ते खाचेत बसले नाहीत तर फोकस कधीच जमणार नाही. काच पिवळट, धुरकट असेल तर उजेड चहूकडे फुटतो, आधी ती घासून साफ करा. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब ठोकणारे? एच-४ च्या आत डिपरच्या तारेखाली (फिलामेंटखाली) एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते म्हणून रेघ तयार होते. तुमचा एलईडी त्या जागी तसाच बसत नसेल, तर कुठलाही स्क्रू तुम्हाला वाचवणार नाही. भिंतीवर टेप लावून बघा, कळेल.

बरं, मान्य, उंच गाड्यांचा दिवा मुळातच वर असतो आणि नेमका फोकस असूनही तो छोट्या गाडीच्या आरशात घुसतो. मान्य, वर्कशॉपचं बीम टेस्टर (झोत तपासायचं यंत्र) भिंतीपेक्षा अचूक. ज्या गाड्यांत लेव्हलिंग आपोआप होतं, तिथे तर बऱ्याचदा सेन्सर स्कॅनरनं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रानं) शून्यावर आणावा लागतो, नुसत्या भिंतीचं काम नाही. आणि रागाच्या भरात झोत पार खाली आणून ठेवू नका. त्याच ६५ सेंटिमीटरवरच्या दिव्याला २ टक्के उतार म्हणजे उजेड साडेबत्तीस मीटरवर संपला. ताशी ६० च्या वेगात, कोरड्या रस्त्यावरही, सावरून थांबायलाच त्याहून जास्त जागा लागते.

एवढं टाइप करून राग बराच उतरला. तो माणूस डिपर लावून नियमानंच चालला होता, मी डिपर मारल्यावर त्यालाच वाटलं असेल, "हा उगाच का चिडलाय!" त्याच्या गाडीत बहुतेक ते लेव्हलरचं चाक असणार, स्टिअरिंगच्या बाजूला, ० ते ३ आकड्यांचं. आकडा वाढला की झोत खाली. सीट आणि डिकी भरली की २ किंवा ३, सामान उतरवलं की परत ०. सामान भरून त्यानं तेवढं फिरवलं असतं तर मी आत्ता झोपलेलो असतो.