सड्याची नोंद कोण ठेवणार?

राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, २०२३च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणावरून संघर्ष झाला, तेव्हा त्याच्या बातम्या मी लंडनच्या दक्षिणेकडील उपनगरात बसून वाचत होते. तेलशुद्धीकरण प्रकल्प हवा की नको, रोजगार किती मिळेल, आंब्याचे, मासळीचे आणि कातळशिल्पांचे काय होईल, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले गेले. त्याच तालुक्यात माझे बालपण गेले असल्यामुळे मला मात्र एक प्रश्न सोडत नव्हता: पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या कातळावर नेमके काय जगते, याची वर्षानुवर्षांची तारीखवार नोंद कोणाकडे आहे? माझ्या वाचनात आलेल्या चर्चेत तरी ती कुठे दिसली नाही. सातबाऱ्यावर ही जमीन बहुतेक ठिकाणी 'पोटखराबा', म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून लागलेली असते, आणि तिच्याविषयी एवढीच माहिती पुरेशी आहे, असे आपण धरून चालतो.

हा प्रश्न आज पुन्हा मांडण्याचे कारण असे की, गेले वर्षभर मी लंडन नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कामांत स्वयंसेवक म्हणून भाग घेते आहे. १८५८ साली सुरू झालेली ही संस्था सेंट पॉल्स कॅथेड्रलपासून वीस मैलांच्या परिघातील पशुपक्षी, कीटक आणि वनस्पती यांच्या नोंदी ठेवते. बुकहॅम कॉमन नावाच्या एकाच माळरान-जंगलाची पाहणी तिच्या सभासदांनी दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४१मध्ये, सुरू केली. युद्ध संपले, पिढ्या बदलल्या, तरी ती चालूच आहे. पाहणी करणारे बहुतेक जण हौशी आहेत. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी टपाल खात्यातून बाहेर पडलेले.

संस्थेतील काही जण वसंत ऋतूच्या तोंडावर आपापल्या भागात भेकांच्या (खरबरीत कातडीच्या बेडकांच्या) गस्तीवर जातात, तशी मीही गेले. फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी जरा ओसरली आणि संध्याकाळी पाऊस पडून गेला की भेक अंडी घालण्यासाठी आपल्या जुन्या तळ्याकडे निघतात, आणि वाटेत रस्ता असला की गाड्यांखाली चिरडले जातात. चमकते जाकीट घालून, विजेरी आणि बादली घेऊन रस्त्याच्या कडेने चालायचे, दिसेल तो भेक उचलायचा आणि पलीकडे तळ्याच्या बाजूला सोडायचा, एवढेच काम. मोठ्या मादीच्या पाठीवर लहानखुरा नर पुढच्या पायांनी इतका घट्ट बिलगलेला असतो की ती जोडी एकत्रच उचलावी लागते. रात्री घरी परतण्याआधी नर किती, माद्या किती आणि मेलेले किती, हे लिहून द्यावे लागते. वाचवलेल्यांचा आकडा जेवढा महत्त्वाचा, तेवढाच मेलेल्यांचाही, कारण रस्त्याचा प्रश्न नगरपालिकेपुढे नेताना तोच आकडा उपयोगी पडतो.

उन्हाळ्यात फुलपाखरांच्या मोजणीला गेले, तेव्हाही हीच शिस्त दिसली. १९७६पासून चालत आलेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय योजनेत एकच ठरलेली वाट एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला चालतात. काय दिसले, कुठे, केव्हा आणि कोणाला, ही चार उत्तरे नसतील तर नोंद धरली जात नाही. काम कंटाळवाणे आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या आठवड्यात काहीच दिसत नाही, त्या आठवड्याचे शून्यही लिहावे लागते.

याचा अर्थ इथे निसर्ग सुखरूप आहे, असा कोणी काढू नये. इथल्याच संस्थांनी मिळून काढलेल्या २०२३च्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या प्रजातींची विपुलता १९७०पासून सरासरी १९ टक्क्यांनी घटली आहे. जानेवारी २०२५मध्ये तर अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी, बांधकाम व्यावसायिकांना वटवाघळे आणि न्यूट (पालीसारखा दिसणारा, शेपटीचा उभयचर) यांची चिंता करावी लागू नये, अशी भाषा केली. विकासाच्या आड येणारे म्हणून मुक्या जीवांकडे बोट दाखवण्याची सवय फक्त आपल्याकडे आहे असे नाही. फरक एवढाच की, इथे ऱ्हास किती आणि कधीपासून झाला हे सांगता येते, आणि ज्या ऋतूत तो प्राणी दिसतो त्या ऋतूत पाहणी केली नसेल तर पाहणीच सदोष ठरते.

आपल्याकडे नेमके इथेच पाणी मुरते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनासाठी अनेक प्रकल्पांना एकाच ऋतूची, आणि तीही पावसाळा वगळून, माहिती पुरेशी मानली जाते. हवेच्या प्रदूषणाच्या मोजमापासाठी त्यात काही तर्क असेल. कोकणच्या सड्यासाठी मात्र हा नियम अन्यायाचा आहे. पहिल्या पावसानंतर दगडाखाली देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) सापडतो, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे, दवबिंदू आणि गेंद फुलतात, आणि दिवाळीनंतर पुन्हा काळा कातळ तेवढा उरतो. जानेवारीत येऊन 'येथे विशेष काही आढळले नाही' असे लिहिणारा तज्ज्ञ खोटे लिहीत नसतो; त्याला चुकीच्या वेळी पाठवलेले असते.

आपल्याला ही परंपरा परकी आहे, असेही नाही. १८८३मध्ये मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ही निसर्ग-अभ्यासाची संस्था स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. २०२३चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. गावोगावच्या गुराख्यांना टिटवीची अंडी कुठे असतात आणि कोणत्या डबक्यात पाणी किती दिवस टिकते, हे पाठ असते. लंडनमधल्या स्वयंसेवकांना निवृत्तिवेतन आहे, मोकळा वेळ आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने फुकट पाहणी करावी, असे मी इथे बसून सांगणे उचित नाही. म्हणून हे काम मानधनाचे असावे.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी, असे ठरवलेच आहे. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्यांचे अनेक वर्षांचे काम आहे. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत आणि दरमहा दहा लाखांच्या भरपाईची तंबी दिली, आणि अनेक ठिकाणी बाहेरच्या संस्थांकडून वह्या घाईघाईने भरून घेतल्या गेल्या. भरून झाली म्हणून कपाटात गेलेली वही काही कामाची नाही. ती दरवर्षी मृग नक्षत्रापासून पुन्हा उघडली गेली पाहिजे, जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी ती तपासली पाहिजे, आणि आम्हा परदेशस्थांना पैसे पाठवायचे असतील तर ते गुराख्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या मानधनासाठी पाठवावेत. शासनाकडे मागणी मात्र एकच करावी: सड्यावरील कोणत्याही प्रकल्पाच्या पाहणीत जून ते ऑक्टोबरचा काळ सक्तीचा असावा आणि गावची नोंदवही तिच्यासोबत जोडल्याशिवाय जनसुनावणी घेऊ नये.