मावशीच्या मोबाईलवर आलेला "डोळे काढून घेतात" मेसेज

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने मोतीबिंदूचं ऑपरेशन ऐनवेळी नको म्हटलं. हरसूलच्या पुढे पाड्यावर राहते ती. आशाताईंनी शिबिरात नाव घातलं, तपासणी झाली, नाशिकला न्यायची गाडी पण आली आणि ही घरात जाऊन बसली. का, तर नातवाच्या मोबाईलवर मेसेज आला म्हणे, फुकट शिबिरात गरिबांचे डोळे अन् किडनी काढून विकतात, आधार कार्ड आणि अंगठा त्यासाठीच घेतात, त्यापेक्षा कांद्याचा रस आणि मध डोळ्यात घाला, मोतीबिंदू विरघळतो. आणि शेवटी, चॅरिटी हॉस्पिटल म्हणजे सगळी लूट. दोन दिवसांनी तोच मेसेज आमच्या सिडकोतल्या सोसायटीच्या ग्रुपवर! शिकलेली माणसं पाठवतात म्हणून लिहितेय.

कांद्याचं आधी घेते कारण मावशीने ते खरंच केलं, चार दिवस. मी गेले तेव्हा डोळा लालबुंद, पदराने सारखं पुसणं चालू, चहा ओतायला गेली तर धार कपाच्या बाहेर. अहो, मोतीबिंदू हा डोळ्यावर साचलेला मळ नाहीये, बुबुळाच्या मागचं भिंग आतून गढूळ होतं, ते विरघळवणारा थेंब अजून कुणाकडेच नाही, ना कांद्याचा ना कंपनीचा. रसाने आग होते, माणूस चोळतो, जखम होते, त्यात जंतू गेले की पांढरा डाग राहतो. आपल्याकडे म्हणतात ना डोळ्यात फूल पडलं, तेच. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेकांची ऑपरेशनने परत येते, फूल पडलं तर नेत्रदानाची वाट बघत बसावं लागतं.

किडनीचं काय बोलायचं. ती काढायला माणसाला पूर्ण बेशुद्ध करावं लागतं, पोटाला चिरा पडतात, काही तास जातात. मोतीबिंदूला फक्त डोळ्यापुरती भूल, बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत माणूस बाहेर. आणि आख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवून दिसायला लागलंय असं अजून कुठेच झालेलं नाही, बदलतात तो फक्त पुढचा पारदर्शक पडदा आणि तो मेल्यानंतरच्या नेत्रदानातून येतो. अंगठा संमतीपत्रावर घेतात. आधार घेतात कारण संस्थेला सरकारकडून ऑपरेशनमागे अनुदान मिळतं, त्याचा हिशोब द्यावा लागतो. आत बसवलेल्या लेन्सचा नंबर असलेला स्टिकर पेशंटच्या कागदावर चिकटवतात, तो मागून घ्या.

आता जे खरं आहे ते खरं. शिबिरात डोळे गेलेत. मध्य प्रदेशात बडवानीला 2015 मध्ये ऑपरेशननंतर इन्फेक्शन होऊन कितीतरी लोकांची दृष्टी गेली. केंद्र सरकारचा 2015 ते 2019 चा अंधत्वाचा सर्व्हे आहे, त्यात पन्नाशीच्या पुढच्यांच्या अंधत्वात 7.2 टक्के वाटा मोतीबिंदू ऑपरेशनच्या गुंतागुंतीचा निघाला. पण त्याच सर्व्हेत ऑपरेशन न झालेल्या मोतीबिंदूचा वाटा 66.2 टक्के आहे, म्हणजे घरी बसून आंधळे झालेले कितीतरी जास्त. म्हणून विचारायचं ते हे की ऑपरेशन नीट थिएटरमध्ये आहे का (शाळेत नाहीतर मांडवात असेल तर सरळ नाही म्हणा, तिथे फक्त तपासणी करायची असते) आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून कोण बघणार.

चॅरिटी हॉस्पिटलवाले टाळाटाळ करतात हेही मान्य, मी स्वतः काउंटरवर "बेड नाही" ऐकलंय. पण हायकोर्टाने 2006 मध्ये लावून दिलेल्या योजनेत 10 टक्के बेड गरिबांना फुकट आणि 10 टक्के सवलतीत द्यावेच लागतात. पिवळं रेशनकार्ड नाहीतर तहसीलदाराचा दाखला न्या, नाही म्हटले तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार द्या. लोकांना तिथे जाऊच नका सांगितलं की ते बेड आपोआप दुसऱ्याला जातात.

मावशीच्या डोळ्यात जखम नाही निघाली, नशीब. थेंब दिले, लाली उतरल्यावर परवाची तारीख मिळालीये. काल फोनवर एवढंच म्हणाली, "तू दारात बसशील ना गं?" मी सुट्टी टाकलीये.