स्ट्रिंग गप्प बसते

एक्सेलच्या मॅक्रोमध्ये, म्हणजे एक्सेलकडून कामं करून घेणाऱ्या व्हीबीए भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आकड्यांशी माझं भांडण नाही. आकडा चुकला की बेरीज चुकते, बेरीज चुकली की साहेब ओरडतात, आणि साहेब ओरडले की चूक कुठल्या कॉलममध्ये आहे ते आपोआप सापडतं. रोखठोक व्यवहार. मजकूर ठेवायचं व्हेरिएबल, म्हणजे स्ट्रिंग, हे प्रकरण मात्र वेगळं. तिच्यात नाव कोंबा, पत्ता कोंबा, नुसत्या रिकाम्या जागा कोंबा, ती हूं की चूं करत नाही. सुमारे २ अब्ज अक्षरं तिच्या पोटात मावतात. एवढं जिच्या पोटात राहतं तिच्यावर माणसानं जरा संशयच घ्यावा.

परवाचंच घ्या. दोन शीटवरच्या याद्या जुळवायच्या होत्या. दोन्हीकडची ‘एकूण’ लिहिलेली ओळ शोधायची, बस्स. डोळ्यांना दोन्ही ‘एकूण’ सख्खी जुळी. मॅक्रो म्हणतो, यांची साधी ओळखसुद्धा नाही. टोकांच्या स्पेस काढणारं ट्रिम लावलं. तरी नाही. मग लगेच उत्तर देणाऱ्या इमिजिएट विंडोत जाऊन लेन, म्हणजे अक्षरांची संख्या, विचारलं, तर एकीकडे ४ आणि दुसरीकडे ५. (ए, क, ऊकार आणि ण असे चार, ऊकारालाही इथे स्वतंत्र तिकीट लागतं.) मग हा पाचवा फुकट्या कोण? राइट लावून शेवटचं अक्षर काढलं आणि अक्षराचा नंबर सांगणाऱ्या आस्कडब्ल्यूसमोर उभं केलं. उत्तर आलं, १६०. म्हणजे कुठल्याशा वेबपेजवरून कॉपीबरोबर आलेली न तुटणारी स्पेस. ट्रिम फक्त ३२ नंबरच्या स्पेसला हाकलतं. १६० नंबर दारात उभी असली तरी बघून न बघितल्यासारखं करतं. तिला घालवायला रिप्लेस आणि नंबरावरून अक्षर देणारं सीएचआरडब्ल्यू(१६०) यांना मुद्दाम बोलवावं लागतं.

मराठी मजकूर असेल तर याच्याही पुढची मजा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी नुक्तेवाला ऱ घेतो, तर कुणी साधा र घेऊन हलन्तानंतर ८२०५ नंबरचं एक अदृश्य अक्षर खुपसतो. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे. लेन मात्र एकाची ७, दुसऱ्याची ८. इनस्ट्रिंगला, म्हणजे मजकुरात मजकूर शोधणाऱ्या इनएसटीआर या फंक्शनला, त्यातला एक सापडला नाही की ते ० सांगून मोकळं होतं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण त्या ० मधून पुढच्या ओळीत १ वजा होतो, ते उणे १ डावीकडची तेवढी अक्षरं काढणाऱ्या लेफ्टच्या हातात पडतं, आणि एरर ५ येऊन भलतीच ओळ पिवळी होते. चोर एक, पकडला जातो दुसराच.

जोडाजोडीची तऱ्हा आणखी न्यारी. मजकुरातले ५ आणि मजकुरातले ५ अधिक चिन्हानं जोडा, होतात ५५. त्यातला एक ५ खरा आकडा असेल तर होतात १०. आणि आकड्याला ‘रुपये’सारखा शब्द + नं जोडायला जा, लगेच एरर १३, टाइप मिसमॅच. त्यापेक्षा & बरा. समोर काय आहे हे न विचारता तो चिकटवून टाकतो. व्हेरिएबल जाहीर करताना ‘डिम नाव, आडनाव ॲज स्ट्रिंग’ असं एका दमात लिहून दोन्ही स्ट्रिंग झाल्या असं समजणारे पुष्कळ भेटतात. फक्त आडनाव होतं; नाव व्हेरिएंटच, म्हणजे काहीही चालवून घेणारं, राहतं. आणि जाहीर न केलेलं व्हेरिएबल अडवणारं ऑप्शन एक्स्प्लिसिट लिहिलेलं नसेल तर स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी नवं कोरं, रिकामं व्हेरिएबल जन्माला येतं. पत्रं छापली जातात, फक्त ‘प्रिय’च्या पुढे कुणीच नसतं.

अवतरणचिन्हांबद्दल बोलू नये, पण बोलतो. ए१ रिकामा असेल तर रिकामं दाखव, नाहीतर ए१ दाखव, एवढा साधा फॉर्म्युला मॅक्रोतून सेलमध्ये घालायचा तर असा दिसतो: "=इफ(ए१="""","""",ए१)". आतलं प्रत्येक चिन्ह दुप्पट करायचं, असा नियम. मोजून पाहा. दहा अवतरणचिन्हं, आणि अवतरणात घेण्याजोगं एक वाक्य नाही.

‘एकूण’ हा शब्द सरळ कोडमध्येच लिहावा म्हटलं, तर व्हीबीएचा एडिटर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं मांडतो. खरं तर स्ट्रिंग आतून युनिकोडच, म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणारी, असते. अडाणी आहे तो तिचा एडिटर. मग सीएचआरडब्ल्यू(२३१९), (२३२५), (२३७०), (२३३९) असे चार तुकडे & नं सांधायचे. शहाणी माणसं तो शब्द कुठल्यातरी सेलमध्ये लिहून ठेवतात आणि तिथून उचलतात. एवढं करूनही तो मेसेज बॉक्समध्ये दाखवायला गेलात की पुन्हा प्रश्नचिन्हं.

आणि हे सगळं निभावून मजकूर शीटवर उतरवला की सेल स्वतःचं डोकं चालवतो. ‘००७’ दिलं तर ७ ठेवतो, ‘१-२’ची तारीख करतो. ही खोड इतकी पक्की की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं ‘मार्च१’ या जनुकाचं नाव बदलून ‘मार्चएफ१’ केलं, कारण एक्सेल त्याची १ मार्च करून टाकत असे. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. सेलचा नंबरफॉरमॅट आधी "@", म्हणजे मजकूर, करायचा आणि मग त्यात मजकूर लिहायचा. क्रम उलटा झाला तर तारखेची तारीखही राहत नाही. २०२४ सालच्या १ मार्चच्या जागी ४५३५२ येऊन बसतो, आणि साहेब विचारतात, ही रक्कम कोणाच्या नावावर टाकायची?